दिवाळसणीं मोरी तुंबली, त्याची बखर

श्री. जो अडलेले सोडवितो आणि तुंबलेले वाहते करितो, त्या गजवदनास आधी नमस्कार, मग कुळदेवतेस, मग ज्या कोणा श्रोत्याने पहाटेच्या थंडीत, डोळ्यांत साबण गेला असता, पायाखालचे पाणी हालत नाही हे पाहिले असेल, त्यासही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन वद्य चतुर्दशी, गुरुवार, ते दिवशी तिसऱ्या मजल्याच्या राज्यात जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहितो. वाढवून लिहीत नाही, आणि वाढले असल्यास तो दोष सांगणारांचा.

राज्य म्हणावे तर फार मोठे नव्हे. एक दिवाणखाना, दोन शयनगृहे, एक मुदपाकखाना आणि एक स्नानगृह, इतकाच मुलूख. आणि स्नानगृहाच्या दारासमोर, हात लांब केला तर पोहोचेल इतक्या अंतरावर देवघर, कारण ज्याने इमारतीचा नकाशा काढिला त्याने देवास विचारिले नव्हते. राज्याचे धनी दिगंबरपंत. नोकरीतून निवृत्त जाहले तेव्हापासून ते सर्व वेळ राज्यकारभारासच देत, त्यामुळे घरच्यांस श्वास घ्यावयास फुरसत उरली नव्हती. त्यांच्या पत्नी सुमतीबाई, बोलणे थोडे आणि करणे पुष्कळ. यांस एकच कन्या, रेवतीबाई. तिने बापास न विचारता नोंदणी कचेरीत जाऊन लग्न केले, आणि वर निवडिला तो नागनाथराव, कोरडवाहू मुलखातील, हुद्द्याने गुरांचा डॉक्टर. पंतांस जातीपातीचे काही नव्हते, ऐसे ते स्वतःच सांगत. त्यांस राग दोन गोष्टींचा. एक, विचारिले नाही. आणि दुसरी, जामात अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालितो. 'त्याच हाताने माझ्या पंक्तीला जेवणार,' ऐसे पंत एकदा बोलिले, आणि ते बोलणे फिरत फिरत जामातांच्या कानी गेले. मागील साली दिवाळीस बोलावणे आले नाही. रेवतीबाई सणाच्या दिवशी फोन उशाशी ठेवून बसल्या आणि तो वाजला नाही. यंदा सुमतीबाईंनी हट्ट धरिला, की लेक-जावई येणार असतील तरच चकलीच्या सोऱ्यास हात लावीन, एरव्ही विकतचे आणा आणि खा. आणि पंत, जे कोणापुढे नमले नव्हते, ते चकलीपुढे नमले आणि बोलिले, 'सणापुरतं येऊ देत.' त्या 'सणापुरतं'चा काटा रेवतीबाईंच्या मनी रुतला. येतेवेळी वाटेत त्यांनी नवऱ्यास सांगितले, 'निघताना बाबा पुन्हा या म्हणाले, तर माझं घर मला परत मिळालं. नाही म्हणाले, तर मी परत कधी विचारायची नाही.' नागनाथरावांनी मान डोलाविली आणि मनाशी ठरविले, की या मुक्कामात आपणाकडून भांडे वाजू द्यावयाचे नाही, दार आपटू द्यावयाचे नाही, पाणी सांडू द्यावयाचे नाही. यातील शेवटले कलम लक्षात ठेवावे.

त्या राज्याचा एक कुळाचार होता. चतुर्दशीच्या पहाटे जामातास पाटावर बसवावे, आणि सासऱ्याने आपल्या हाताने त्याच्या दोन्ही बाहूंस तेल चोळावे, मग बाकीचे अंग ज्याचे त्याने पाहावे. पंतांच्या बाहूंस त्यांच्या सासऱ्यांनी चोळिले होते, आणि पंतांच्या वडिलांच्या बाहूंस त्यांच्या. त्या पहाटे पाट मांडिला, भोवती रांगोळी घातली, सुवासिक तेलाची चांदीची वाटी ठेविली, आणि नागनाथराव पंचा नेसून पाटावर बसले आणि बाहू पुढे करावे की न करावे या विचारात ओशाळून राहिले. इतक्यात पंत आपले अभ्यंग उरकून, रेशमी सोवळे नेसून आले, वाटी उचलोन जामातांच्या पुढ्यात सरकविली आणि बोलिले, 'आपण लावून घ्या, नागनाथराव. पाणी तापलेलं आहे.' आणि ऐसे बोलोन दिवाळी अंक उघडोन बसले. शब्दांत खोट काढावी ऐसी जागा नव्हती. 'आपण' होते, 'राव' होते, नव्हती ती माया. सुमतीबाईंनी पाहिले, आणि रेवतीबाई पणतीची वात सारखी करावयाच्या निमित्ताने पाठमोऱ्या जाहल्या. मग नागनाथरावांनी आपले तेल आपण लाविले, डाव्या हाताने उजव्यास आणि उजव्याने डाव्यास. या हातांनी किती गाई मोकळ्या केल्या होत्या आणि किती वासरे ओढोन काढिली होती, आणि त्यांची त्यांस कधी लाज वाटली नव्हती; ती त्या पाटावर वाटली.

आता उटण्याचे वर्तमान, कारण पुढचा सर्व अनर्थ त्यात आहे. उटणे पंत स्वतः करीत. बाजारच्या उटण्यास ते 'वास लावलेली रांगोळी' म्हणत आणि शिवू देत नसत. हरभऱ्याची डाळ स्वतः दळून आणीत, त्यात आंबेहळद, वाळा, नागरमोथा आणि कचोरा घालीत, आणि सढळ हाताने करीत. चौघांच्या घरास पुरोन शेजारच्या घरास उटणे लावता येईल इतके. आपले स्नान जाहले की परातीत उरलेले भिजके उटणे मोरीत लोटीत, आणि त्यावर पातेलेभर उकळते पाणी ओतीत. 'उकळतं पाणी ओतलं की मोरी आरशासारखी,' हा त्यांचा सिद्धांत होता, आणि तो त्यांनी वर्षानुवर्षे पाळिला होता, आणि दर दिवाळीस सुमतीबाई बरे म्हणत, कारण बरे न म्हटल्यास व्याख्यान होई. त्या पहाटेही पंतांनी तैसेच केले, आणि मग सुमतीबाईंचे स्नान जाहले तेव्हा पाणी किंचित रेंगाळले, पण त्या बोलिल्या नाहीत. मग जामात आत गेले आणि कडी लाविली.

जामातांच्या मुलखात स्नान म्हणजे परसात दगडावर बसावे, पाणी अळवास जावे, विषय संपला. येथे सुमतीबाईंनी आग्रह केला होता, की जावईबापू, शॉवर सोडा, मोकळेपणाने न्हा; म्हणोन त्यांनी ती फिरकी भीतभीत फिरविली आणि वरून कोमट धारा आल्या. त्यांनी उटणे लाविले, तेल उतरले, अंग हलके जाहले, आणि क्षणभर सकाळचा सल विसरला. मग खाली पाहिले तो घोटे दिसेनात. पाणी पिवळसर, आणि जाळी कोठे आहे तेही कळेना. त्यांनी फिरकी बंद केली, म्हणजे फिरविली, ती फिरली, आणखी फिरली, गोल गोल फिरतच राहिली, आणि वरून पाणी येतच राहिले. तेव्हा नागनाथरावांनी उंबरठ्याकडे पाहिले. उंबरठा जेमतेम घोट्याएवढा उंच. उंबरठ्यापलीकडे बोळ, आणि बोळापलीकडे देवघर, आणि तेथे जमिनीवर समई, रांगोळी, आणि पाटावर लंगडा बाळकृष्ण, ज्यास पंत नित्य आपल्या हाताने न्हाऊ घालीत. सूर्योदयानंतर पंतांचे भाऊबंद फराळास यावयाचे. त्यांच्या देखत मोरीचे पाणी देवाच्या पायाशी गेले, तर मग पुढे या घराच्या साऱ्या दिवाळ्यांत हीच गोष्ट सांगितली जाणार, की जावई पहिल्यांदा आला आणि देव बुडविले. रेवतीचे घर तिच्या हातून गेले ते कोणामुळे, तर आपल्यामुळे. ऐसे मनात येऊन त्यांनी आपला सदरा आणि विजार खुंटीवरून ओढली, त्यांचा बोळा करोन उंबरठ्याशी दाबिला आणि बांध घातला. पाणी बांधास टेकले आणि थांबले. पण वरची धार थांबली नव्हती.

इतक्यात दाराशी रेवतीबाईंचा आवाज आला, हळू आणि घाबरा. 'अरे, किती वेळ? बाबा दोनदा घड्याळाकडे बघून झाले.' 'रेवा, पाणी जाईना.' 'म्हणजे?' 'म्हणजे जाईना झालंय. आन् नळ बंद होईना.' संकट आले की जामातांची भाषा गावास जाई, हे रेवतीबाई जाणून होत्या. त्या आवाजानेच त्यांस कळले की प्रकरण थोडके नाही. 'आतून गळ्यापर्यंत नाही ना आलं?' त्या बोलिल्या. 'घोट्याच्या वर हाय. तू हसतेस व्हय?' 'हसत नाहीये. रडू येतंय.' आणि खरोखरच येत होते. मग लपविण्याजोगे काही उरले नाही, आणि पंतांस वर्दी गेली, आणि पंत दिवाळी अंक मिटोन उठले, आणि जामातांनी कडी काढिली. मसलत दारातच जाहली. जामात ओला पंचा आवळीत कोपऱ्यात उभे, सुमतीबाई पदर खोचून, रेवतीबाई बादली घेऊन. मुख्य नळ गच्चीवर, आणि गच्चीची किल्ली सोसायटीच्या चिटणिसांपाशी, आणि चिटणीस सणास गावी. प्लंबरास फोन लाविला. तो वाजला, वाजला आणि गप्प जाहला. चतुर्दशीच्या पहाटे तोही कोणाचा तरी जावईच असणार. तेव्हा रेवतीबाईंनी वरच्या धारेखाली बादली धरिली, भरली की दुसरी लावावी आणि पहिली मुदपाकखान्याच्या सिंकमध्ये रिती करावी, ऐसी खेप चालू केली. जुने पाणी मात्र हालेना. पंतांनी एकवार पाण्याकडे पाहिले, एकवार जामातांकडे. 'मी अंघोळ केली तेव्हा मोरी उत्तम होती,' इतकेच बोलिले. त्यात आरोप नव्हता ऐसे म्हणावयास जागा होती, आणि आरोप होता हे सर्वांस कळले.

मग पंतांनी सिद्धांत काढिला. मोठे पातेले शेगडीवर चढले, पाणी उकळले, आणि पंतांनी ते नेमके जाळीच्या जागी ओतिले, आणि सर्वांनी वाकोन पाहिले. पाणी गेले नाही, वाढले. 'कमी पडलं,' पंत बोलिले, आणि दुसरे पातेले आले आणि तेही तैसेच गेले, म्हणजे कोठेच गेले नाही. सुमतीबाई बोलिल्या, 'सोडा घालून बघा. सिंक तुंबलं की मी तेच करते.' मग खावयाच्या सोड्याचा डबा आला आणि मूठमूठ सोडा पडला, आणि पाण्यातून पिवळा फेस वर आला, फुगला, आणि त्यास एक ओळखीचा वास सुटला. वास कशाचा ते कोणी बोलिले नाही. जामातांस तर त्या वासाने भूक लागली, आणि ऐशा प्रसंगी आपणास भूक लागावी याची त्यांस शरम वाटली. डाळीचे पीठ, त्यावर उकळते पाणी, वर सोडा. मुदपाकखान्यात जे शेंबड्या पोरासही कळते ते स्नानगृहात चौघां मोठ्यांस कळले नाही. इतक्यात बांधाची एक कड ओली होऊन सैलावली आणि पाण्याची एक बारीक जीभ उंबरठ्यावरून बोळात उतरली, आणि हळूहळू देवघराकडे चालू लागली. सुमतीबाईंनी पायपुसणे टाकिले. ते भिजले, तशा त्या आणखी फडकी शोधावयास गेल्या. पंतांचा चेहरा उतरला. 'तिसरं पातेलं,' ते बोलिले, आणि मुदपाकखान्याकडे धावले, आणि सोवळ्याचा सोगा भिजला याचेही त्यांस भान नव्हते.

नागनाथराव एकटे उरले. पाणी सोसेल इतके गरम होते. त्यांनी त्या पिवळ्या पाण्याकडे पाहिले, आणि त्यांस वाटले, की ही तुंबलेली मोरी नव्हे, ही अडलेली गाय आहे. आणि तिच्यावर इकडोन तिकडोन उपाय चालले आहेत आणि आत हात घालोन कोणी पाहिले नाही. मग त्यांनी कोणास विचारिले नाही. गुडघे टेकिले, चाचपून जाळी काढिली, आणि उजव्या हाताची पाचही बोटे एकत्र निमुळती करोन, अंगठा आत घेऊन, हात मोरीच्या मुखात घातला. मुख अरुंद. मनगट गेले, आणखी थोडे गेले, आणि पुढे वळण लागले, आणि वळणाशी बोटांस ते लागले. केस नुसते नव्हेत. वरून बुळबुळीत, आत घट्ट, दाबले तर दबते, सोडिले तर परत येते. चिमटीने धरावे तर तुटेल आणि तुटलेले पुढे जाईल, हे त्यांनी बोटांनीच ओळखिले. म्हणोन उतावीळ न होता ते बोटे त्याच्या पाठीमागे सरकवीत गेले, दमादमाने, जैसे वासराचे डोके वळविताना करीत. आणि अखेर मूठ वळली आणि सबंध गोळा मुठीत आला.

आणि त्याच वेळी दारात वाफ दिसली. पंत तिसरे पातेले दोन फडक्यांनी धरोन आत येत होते, चष्म्यावर वाफेचे पटल चढोन त्यांस काही दिसत नव्हते, आणि ते बोलत होते, 'बाजूला व्हा, बाजूला व्हा.' रेवतीबाई बादली रिती करावयास गेलेल्या. जामातांनी हात ओढिला, तो येईना. मूठ आत मोठी जाहली होती आणि मुख तितकेच होते. पातेले वाकू लागले. येथे एक सांगितले पाहिजे, की जामातांच्या मुलखात सासऱ्यास मामा म्हणतात, आणि ते येथे चालेल की न चालेल हे न कळल्याने नागनाथराव आल्यापासून सासऱ्यास कोणतीच हाक मारीत नव्हते, खोकून वेळ भागवीत. आता खोकण्याजोगा वेळ नव्हता. 'मामा, थांबा,' ते ओरडले. 'हात आत हाय.'

पंत जागीच थांबले. पातेले हिंदकळले, थोडे पाणी त्यांच्याच पायावर पडले, पण पातेले त्यांनी मागे घेतले, भिंतीशी टेकविले आणि चष्मा काढोन पाहिले. जामात गुडघ्यांवर, गाल जवळजवळ पाण्यास लागलेला, आणि उजवा हात मनगटापुढे नाहीसा जाहलेला. पंतांचे ओठ पांढरे पडले. जे पातेले आपण आता ओतणार होतो, ते कोठे पडले असते, हे त्यांस दिसले. 'काढा,' ते बोलिले, आणि आवाज त्यांचा राहिला नव्हता. 'निघत न्हाई. मूठ अडकली.' 'मग सोडा ते, जे काय धरलंय.' 'सोडलं तर पुढं जाऊन बसंल. मग भिंत फोडावी लागंल, मामा. आज तर काही व्हायचं न्हाई.' 'फोडू भिंत,' पंत बोलिले. 'भिंत पुन्हा बांधता येते. हात महत्त्वाचा आहे, हात सोडवा.' ते आपण काय बोलिलो हे पंतांच्या ध्यानी आले की नाही, कोण जाणे. पण नागनाथरावांच्या ध्यानी आले. 'एवढ्यात न्हाई सोडत,' ते बोलिले. 'मनगटाला तेल लागंल. तेलानं सुटतं. गाईला आमी तेच करतो.' आणि बोलोन बसले तेव्हा त्यांस वाटले, की गाईचे नाव काढावयास नको होते.

 पंतांनी हाक दिली, आणि सुमतीबाई व रेवतीबाई धावत आल्या, आणि तिघांनी मिळोन पाणी उपसावयास आरंभ केला. सुमतीबाईंनी पातेली घेतली, रेवतीबाईंनी तांब्या, आणि धारेखालची बादली भरभरोन वाहू लागली तिकडे कोणी पाहिले नाही. पाणी उपसले की पुन्हा थोडे चढे. मग शेवटी सुमतीबाईंनी बाळकृष्णाच्या पाटावरचे फडके सोडून हाती लागेल ते फडके आणिले आणि मोरीभोवती कडे केले, आणि आतले पाणी टिपून घेतले, आणि जामातांचे मनगट उघडे पडले, लालभडक, सुजलेले. पंतांनी पाटाजवळची चांदीची वाटी आणविली. सकाळी जी सरकविली होती तीच. मग पंत रेशमी सोवळ्यासकट मोरीच्या पाण्यात खाली बसले, मांडी घालोन, जैसे पूजेस बसत. आणि तेल तळहातावर घेऊन जामाताच्या बाहूस लाविले. खांद्यापासून खाली, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि मनगटाभोवती बोटे फिरवीत, मुखाच्या कडेशी तेल मुरवीत. त्यांस चोळणे उत्तम येत होते. 'दुखतंय?' त्यांनी विचारिले. 'थोडंसं.' 'सांगा मग. कधी ओढू?' 'ओढू नका. मी सांगतो तसं फिरवा. आता. थांबा. आता.' पंत, जे कोणाचे ऐकत नसत, ते 'आता' म्हटले की फिरवीत आणि 'थांबा' म्हटले की थांबत. रेवतीबाई तांब्या धरोन उभ्या होत्या, आणि बापाचा हात नवऱ्याच्या हातावर वरखाली जाताना पाहत होत्या, आणि त्यांचे उपसणे केव्हाच थांबले होते. एकवार मनगट कडेस घासले आणि नागनाथरावांनी दात आवळिले. मग मूठ वळली, अंगठ्याचे हाड सुटले, आणि हात बाहेर आला. त्याबरोबर मोरीने मोठा ढेकर दिल्यासारखा आवाज केला, आणि पाणी गरगर फिरले आणि निघाले, उंबरठ्यावरची जीभ मागे ओढली गेली, आणि बाळकृष्णाच्या पाटापासून बोटभर अंतरावरची रांगोळी ओली जाहली ती जाहली, पाट कोरडा राहिला.

मग सर्वांनी मुठीकडे पाहिले आणि नागनाथरावांनी ती उघडिली. आत पिवळा, घट्ट, सुबक गोळा, आणि त्यात लांब काळे केस गुंतलेले. सुमतीबाईंनी पुढे होऊन वास घेतला, आणि त्यांच्या तोंडून निघोन गेले, 'अहो, हे तर पिठलं आहे.' कोणी हासले नाही. तेव्हा सर्वांस एकदमच उमगले, इतक्या वर्षांचे उटणे आणि इतक्या वर्षांचे उकळते पाणी आणि आजचा सोडा. नागनाथरावांनी सासऱ्याकडे पाहिले. पंत मोरीत बसलेले, सोवळे पिवळे जाहलेले, पायावर भाजल्याचा लाल डाग, आणि आपला सिद्धांत जावयाच्या तळहातावर ठेविलेला. त्या तोंडाकडे जामातांस पाहवेना. त्यांनी मूठ पुन्हा मिटली आणि बोलिले, 'केसच हायत जास्ती. केसांनी तुंबतं. पीठबीठ काय न्हाई.' रेवतीबाई तत्क्षणी बोलिल्या, 'म्हणजे माझ्यावर ढकल. या घरात लांब केस दुसऱ्या कोणाचे होते?' आणि खरेच होते. सुमतीबाईंचे केस विरळ होऊन मानेशी आले होते, आणि रेवतीबाई या घरातून जाऊन दुसरी दिवाळी उजाडत होती, आणि त्यांचे केस तेवढे मागे राहिले होते. पंतांनी हात पुढे केला आणि जामाताची मूठ आपल्या बोटांनी उघडिली, आणि तो गोळा उचलून आपल्या तळहातावर घेतला, आणि पुष्कळ वेळ पाहत राहिले. मग बोलिले, 'केस तिचे आहेत. पीठ माझं आहे.' आणि गोळा रेवतीबाईंच्या तांब्यात ठेविला.  नागनाथराव उठू लागले, तो पंतांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांस खाली बसविले आणि तेलाची वाटी पुन्हा उचलली. 'बसा,' पंत बोलिले. 'दुसरा हात राहिलाय.'

तेव्हा बाहेर उजाडले होते आणि भाऊबंदांची जिन्यात पावले वाजत होती, आणि स्नानगृहात सासरा जावयाचा डावा बाहू चोळीत होता, आणि शॉवरातून धार येत होती, आणि पाणी जेथे जावयाचे तेथे जात होते. सुमतीबाई चकल्या काढावयास गेल्या. रेवतीबाई गेल्या नाहीत.

सारांश, मोरी वाहती जाहली, आणि शॉवरची फिरकी मागाहून प्लंबराने बदलिली. उकळते पाणी त्या राज्यात चहापुरते उरले. उटणे पंत अद्याप स्वतः करितात, मात्र उरलेले कुंडीत घालितात. भाऊबीज जाहली आणि लेक-जावई निघाले, तेव्हा पंत दारापर्यंत आले, आणि 'पुन्हा या' हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत, आणि रेवतीबाईंचे डोळे भरू लागले. इतक्यात पंत जामातांस बोलिले, 'मोरी पुन्हा बघावी लागेल महिनाभरात. येऊन जा.' त्यास आता बराच काळ लोटला. मोरी पुन्हा तुंबली नाही. तरी दर महिन्यास जामातांस फोन येतो, 'मामा बोलतोय. पाणी जरा हळू जातंय. येताना तिलाही आण.' आणि जामात येतात, बाही सारितात, जाळी काढोन हात घालितात, मोकळ्या नळीत बोटे फिरवितात, आणि बाहेर येऊन सांगतात, 'होती थोडी.' पंत म्हणतात, 'मला वाटलंच.' इतके लिहिले आणि हात धुतले.